कारण क्रमांक सात

शनिवार, दुपार

प्रिय बारके,

तुझं पत्र मंगळवारी मिळालं आणि आज शनिवार आहे. मधल्या दिवसांत मी तुला तीनदा फोन केला, तीनदा तुझ्या अंगठ्याची चौकशी केली आणि ठेवून दिला. तिसऱ्या वेळी तू म्हणालीस, ताई, तुझ्या आवाजावरून तुलाच काहीतरी झाल्यासारखं वाटतंय. तसं काही झालेलं नाही, तब्येत ठणठणीत आहे. मला लिहूनच धड बोलता येतं, हे तुला लहानपणापासून माहीत आहे. आईशी भांडण झालं की मी चिठ्ठी लिहून तिच्या उशीखाली ठेवायचे आणि ती तुझ्याकडून वाचून घ्यायची, कारण माझं अक्षर तिला लागायचं नाही. माझी माफी तू मोठ्याने वाचायचीस, वर स्वतःच्या पदरची दोन वाक्यं घालायचीस. आज पदरचं काही घालू नकोस, आहे तेवढंच वाच.

आधी तू काय लिहिलंस ते मला कसं समजलं ते सांगते, म्हणजे घोटाळा नको. परताव्याचा तुझा अर्ज लागोपाठ तिसऱ्या वर्षी नामंजूर होऊन आला. कागदावर पहिल्या दोन वेळेसारखंच छापलंय, कारण क्रमांक सात, आणि पुढे काही नाही. फोनवरच्या मुलीने सांगितलं की सात म्हणजे काय ते सांगायची आम्हाला परवानगी नाही. अंगठ्याच्या सांध्यामुळे दिवसाला दहा बॅगा शिवणारी तू आता जेमतेम चार करतेस, तेवढ्यात वाढलेलं भाडं निघत नाही. म्हणून गेल्या महिन्यात मी सुचवलं तसं खोली सोडून माझ्याकडे राहायला यायचं तू नक्की केलंस. तुझं लांब हाताचं शिलाईचं मशीन पुढच्या रविवारी चामड्याचा व्यापारी घेऊन जाणार. शेवटी लिहिलंयस, "तू त्याच ऑफिसात आहेस म्हणून, घोडं कुठे पेंड खातंय तेवढं बघ. आता उपयोग नाही, पण कळलं तर बरं वाटेल."

बघितलं. सांगते. पण मला क्रमाने सांगायची सवय आहे आणि या वयात ती सुटणार नाही.

जुनी साहाय्य कचेरी तू विसरली नसशील. तुझा नवरा निघून गेला त्या वर्षी मीच तुला तिथे नेलं होतं. तिसरी खिडकी. तिची फळी इतकी खाली होती की बोलायचं तर वाकावंच लागायचं, आणि आतला माणूस मान वर करायचा नाही. तू ताकाला जाऊन भांडं लपवणारी. काय हवंय ते तुझ्या तोंडातून निघेना, तेव्हा तुझ्या वतीने मी बोलले. आठवड्याने तपासनीस बाई घरी आल्या. त्यांनी कपाट उघडून बघितलं, गादी उचलून बघितली, आणि ओट्यावर धुऊन पालथे घातलेले दोन कप बघून विचारलं, दुसरा कप कुणाचा. तो माझा होता, आदल्या दिवशी मी येऊन गेले होते. एवढं सांगितलं असतंस तर अर्ज मंजूर झाला असता. तू दार उघडं धरून म्हणालीस, बाई, झालं असेल बघून तर या आता. त्या गेल्या, अर्जही गेला. पुन्हा कुणापुढे हात पसरणार नाही म्हणून तू कानाला खडा लावलास. माझ्यापुढे तरी तो पसरावा लागू नये म्हणून मी न मागता दरमहा पैसे पाठवू लागले. दोन वर्षं पाठवले. तिसऱ्या वर्षी पहिल्याच महिन्याचे पैसे तू परत पाठवलेस आणि लिहिलंस, "आता नको. बॅगांचं काम चांगलं लागलंय. माझं मला पुरतं." मला त्या दिवशी आनंद व्हायला हवा होता. झालाही, पण थोडा राग आला होता हेही खरं आहे.

सहा वर्षांपूर्वी वरून हुकूम आला, साहाय्य कचेरी बंद करायची आणि तिचं काम आयकर खात्याने करायचं. नियम आणि अर्ज तयार करणाऱ्या समितीत मला घेतलं, कारण खात्यात नुसते मसुदे लिहून म्हातारी झालेली मी एकटीच. तू तेव्हा हसली होतीस, म्हणालीस की ज्यांनी जन्मभर लोकांच्या खिशातून काढलं त्यांनाच आता खिशात घालायला सांगितलंय, हात कसा वळणार. प्रश्न बरोबर होता. पण कल्पना मला मनापासून पटली होती. एक रेघ आखायची. मिळकत रेघेच्या वर गेली तर माणसाने कर द्यायचा, खाली आली तर खात्याने माणसाला द्यायचं, जितकी खाली तितकं जास्त. श्रीमंताला जो अर्ज तोच गरिबाला, तेच चार पानी विवरण. कोण किती मिळवतं हे आम्हाला कळतंच, मग त्याला खिडकीपाशी कशाला वाकवायचं. कुणाच्या घरात शिरायचं नाही आणि कुणाचे कप मोजायचे नाहीत.

सगळ्यात जास्त वेळ नावावर गेला. साहाय्य, अनुदान, मदत, निर्वाह असे शब्द फळ्यावर लिहिले होते. मी म्हटलं, परतावा. खात्याचे हिशेबनीस, ज्यांना आम्ही पाठीमागे दशांशराव म्हणतो, ते खवळले. परतावा म्हणजे भरलेलं परत, म्हणाले, या लोकांनी भरलंय काय? मी म्हटलं, साबणाच्या वडीवर भरतात, काडेपेटीवर भरतात, ते आपण आजवर कधी परत केलं? बाई, शब्दाने शब्द वाढतो, असं म्हणून त्यांनी चष्मा पुसायला घेतला. समितीतले प्राध्यापक माझ्या बाजूने पडले आणि परतावा ठरला. पहिल्या वर्षी रात्रपाळीचा एक निवृत्त पहारेकरी आमच्या दारात आला आणि म्हणाला, माझं आलं बरं का परत. त्याने एक दमडी कर कधी भरला नव्हता, पण "माझं" म्हणाला. त्या शब्दासाठी मी का भांडले हे तेव्हा कुणाला सांगितलं नव्हतं. मला तू दिसत होतीस. तू साहाय्य घेणार नाहीस, पण परतावा घेशील, एवढं मला पक्कं ठाऊक होतं.

अर्ज सोपा करायचं कामही माझंच. लोक विवरण भरायला घाबरतात, कारण दरवर्षी तेच सगळं नव्याने लिहावं लागतं. मी पहिल्या पानावर एक चौकोन टाकला, "कुटुंबाचा तपशील मागील वर्षाप्रमाणे, बदल नाही". त्यात खूण केली की आतलं पान कोरं ठेवलं तरी चालतं. लोकांनी तो चौकोन डोक्यावर घेतला. दहातले आठ जण खूण करून मोकळे होतात. साहेबांनी भर सभेत माझं कौतुक केलं आणि सगळ्यांना समोसे मागवायच्या ऐवजी बिस्किटांवर भागवलं. दशांशराव तेवढे म्हणाले, बाई, माणूस आळशी असतो, बदल झाला तरी नाहीच म्हणेल. मी म्हटलं, तुमचा माणसांवर विश्वासच नाही.

आता नामंजुरीची कारणं. ती बारा आहेत आणि त्यांना क्रमांक मीच दिले. त्यातलं सातवं समजायला एक गोष्ट ठाऊक हवी. चांगला कमावणारा माणूस कुणाला पोसत असेल, म्हातारा बाप, आजारी भाऊ, कुणीही, तर त्या माणसाचं नाव त्याने आपल्या विवरणात "आश्रित" म्हणून लिहायचं, म्हणजे त्याला कर थोडा कमी बसतो. ही सवलत जुनीच आहे. नव्या योजनेत प्रश्न आला की पोसणाऱ्याला सवलत मिळाली आणि वर त्या आश्रिताने स्वतःचा परतावाही घेतला, तर एकाच माणसासाठी खातं दोनदा देणार. एकाच पानात दोनदा वाढायचं नाही, असं दशांशराव म्हणाले, आणि यात चूक काहीच नव्हतं. म्हणून मी लिहिलं की जी व्यक्ती दुसऱ्या करदात्याच्या विवरणात आश्रित म्हणून नोंदलेली आहे तिला परतावा देता येणार नाही. हे सातवं कारण. ते उघड करायचं नाही, कारण उघड केलं तर दुसऱ्याने आपल्या विवरणात काय लिहिलंय ते बाहेर फुटतं, आणि विवरण गुप्त असतं. म्हणून त्या फोनवरच्या मुलीला सांगता आलं नाही. तिच्यावर रागावू नकोस, ती माझंच वाक्य वाचून दाखवत होती.

साहाय्य कचेरी बंद झाल्यावर तिथली काही माणसं आमच्याकडे आली. माझ्या शेजारच्या टेबलावर एक जुनी तपासनीस बाई बसते. तुझे कप मोजणारी तीच की दुसरी, मी विचारलं नाही. आम्ही तिला झडतीबाई म्हणतो आणि तिला ते माहीत आहे. घरोघर फिरायची सवय, खुर्चीत बसून तिचे पाय सुजतात. गुरुवारी डबा खाताना मी तिला सहज विचारल्यासारखं विचारलं, की एकटी राहणारी बाई, पुढच्या खोलीत बॅगा शिवते, मागच्या खोलीत राहते, कुणाकडून काही घेत नाही, तिला सात क्रमांक का यावा. ती म्हणाली, मग तिच्या नावावर कुणीतरी जेवतंय. पोळीचा घास तोंडात ठेवून इतक्या सहज म्हणाली. मग म्हणाली, "आम्ही घरात शिरायचो म्हणून तुम्ही आम्हाला नावं ठेवलीत. पण मी तिच्या घरी गेले असते ना, तर दोन मिनिटांत कळलं असतं हिला कोण पोसतंय ते. तुमचा कागद घरात शिरत नाही, त्याला काय डोंबल कळणार?" मी डबा झाकून ठेवला. तिला वाटलं मला तिचं बोलणं लागलं, तर ती संध्याकाळी तिची खुर्चीतली उशी मला द्यायला आली.

तुझ्या नावावर मी जेवत होते, बारके. पैसे पाठवायला लागले त्या वर्षी मी तुझं नाव माझ्या विवरणात आश्रित म्हणून लिहिलं, आणि त्या दोन वर्षांपुरतं ते खरं होतं. तू पैसे परत पाठवलेस त्या वर्षी मागचं विवरण समोर ठेवून मी नवीन उतरवत होते, तुझ्या नावापाशी आले आणि तेही उतरवलं. पुढे माझा चौकोन आला, मग खूण पुरली. बदल नाही. अशी चौदा वर्षं. त्यात दरवर्षी एखादा बरा कोट येईल इतका कर वाचला. पैशांसाठी केलं नाही असं म्हणावंसं वाटतं, पण मी ते कधी परतही केले नाहीत, तेव्हा ते राहू दे. खरं सांगायचं तर मला ते नाव खोडवेना. वर्षातून एकदा तो रकाना आला की आपण कुणाला तरी सांभाळतो असं वाटायचं. मी लग्न केलं नाही, आई गेली, घरात माझ्याशिवाय जेवायला कुणी नाही. तिथे तुझं नाव असायचं. सातवं कारण लिहिलं त्या दिवशी हे मला आठवलं नाही, असं मी या पत्राच्या कच्च्या प्रतीत लिहिलं होतं. ते खोडलं. आठवलं होतं. बारकी कुठे अर्ज करायला बसलीय, तिचं बरं चाललंय, असा विचार करून मी पुढचं कारण लिहायला घेतलं होतं. जग सुधारायला निघाले आणि घरच्याच दिव्याखालचा अंधार बघितला नाही.

याहून वाईट गोष्ट पुढची आहे. पहिल्या दोन नामंजुऱ्या तू मला सांगितल्याच नाहीस, ताईला कशाला त्रास म्हणून. गेल्या महिन्यात तिसरी आली तेव्हा फोनवर तू विचारलंस, ताई, सात म्हणजे काय गं, आणि मला त्याच क्षणी कळलं. मी म्हटलं, जाऊ दे ते, खोली सोड आणि सरळ माझ्याकडे ये. तुला भरून आलं. तुझा आवाज ऐकून मलाही आलं, ते खोटं नव्हतं. पण त्यात हेही होतं की तू माझ्या घरी येऊन राहिलीस की माझं विवरण खरं ठरणार होतं. तू खरोखरची आश्रित झाली असतीस आणि मला काही कबूल करावं लागलं नसतं. तुझं मशीन त्यासाठी विकायला निघालंय. तू पत्रात लिहिलंस, तुझ्यासारखी बहीण सगळ्यांना मिळत नाही. ते वाक्य वाचून मी पत्र उलटं करून ठेवलं आणि त्यावर डबा ठेवला.

काल सकाळी साहेबांना लेखी देऊन आले. त्यांनी वाचलं, दार लावून घेतलं, आणि पाणी मागवलं, स्वतःसाठीच. माणूस वाईट नाही. म्हणाले, बाई, अकरा महिने राहिलेत तुमच्या निवृत्तीला. हा कागद मी पाहिलाच नाही. यंदाच्या विवरणात गुपचूप नाव काढा, पुढच्या वर्षी तुमच्या बहिणीचं आपसूक सुरू होईल, झाकली मूठ तशीच राहील. मी विचारलं, आणि गेल्या तीन वर्षांचं? ते म्हणाले, ते तुम्हालाच ठाऊक, नियम तुमचाच आहे. आहे खरा. मागच्या वर्षांचं आश्रिताचं नाव लिहिणाऱ्याला एकट्याला काढता येत नाही, नाहीतर लोक सोयीने नावं घालतील आणि सोयीने काढतील. ज्याचं नाव लिहिलंय त्याने स्वतः हरकत घेतली पाहिजे, शेवटच्या नामंजुरीपासून साठ दिवसांच्या आत. हरकत आली की तिन्ही वर्षांचा परतावा त्याला महिन्याभरात मिळतो आणि नाव लिहिणाऱ्याची चौकशी सुरू होते. चौकशीत माझं काय होईल ते मी सांगू शकते, पण त्याचा तुझ्या निर्णयाशी संबंध नको, म्हणून इथे लिहीत नाही. साहेबांना म्हटलं, कागद राहू द्या टेबलावर.

तर हे पत्र माझ्याविरुद्ध तक्रार कर एवढं सांगायला लिहिलंय. हरकतीचा अर्ज सोबत जोडला आहे. तुझे साठ दिवस येत्या तीस तारखेला संपतात, तेव्हा हातात पडल्या दिवशी पाठव. तुझं नाव, माझं नाव, वर्षं, क्रमांक सगळं मी भरलंय, अंगठा दुखतो म्हणून. एक ओळ मात्र कोरी ठेवली आहे, ती नियमाप्रमाणे तुझ्याच अक्षरात हवी. तिथे विचारलंय, "सदर करदात्याने आपला सांभाळ केला आहे काय?" मी तुला ओळखते. आधीच्या त्या दोन वर्षांची आठवण काढून तू तिथे "हो" लिहिशील, नाहीतर "जमेल तसा" लिहिशील, किंवा समासात माझ्याबद्दल काहीतरी चांगलं लिहून ठेवशील. त्यातलं काहीही लिहिलंस तरी अर्ज पुन्हा सातवर येऊन पडेल. ही चौदा वर्षं तुझा सांभाळ तू केलास. माझ्याकडे राहायला यायचं असेल तर कधीही ये, पण मशीन ठेवून ये, चार दिवसांसाठी ये, बहीण म्हणून ये. या चौकशीनंतर यावंसं वाटलं नाही तर तेही मला समजेल, आणि वाईटही वाटेल. त्या ओळीवर फक्त "नाही" लिही, आणि रविवारी व्यापारी आला की त्यालाही तेच सांग.

तुझीच,
ताई